अस्वलाचं दावं

रविवार, नऊ फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा. ठरलेली रक्कम एक लाख अडतीस हजार पाचशे रुपये. हजर माणसं पाच: भाऊ, वहिनी, मी, नाशिकहून आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या टेम्पोचा ड्रायव्हर. सहावं अस्वल. ते पत्र्याचं होतं आणि काचेच्या पेटीत होतं, म्हणून मी त्याला हजेरीत धरत नाही. भाऊ धरायचे.

व्यवहार पाऊण तास अडून होता. अडला होता दीड मीटर वायरीवर. वायर का अडली हे सांगायचं तर आधी भाऊ कोण ते सांगायला हवं.

भाऊ मुरबाड तालुक्यातले, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावचे. भात आणि नाचणी एवढी घरची शेती. धंदा मात्र गुरांच्या दलालीचा. म्हसा गावच्या, म्हणजे म्हशाच्या, जत्रेत गुरांचा बाजार भरतो, तिथं त्यांनी तीस वर्षं काढली. माझ्या वडिलांनी दोन बैलजोड्या त्यांच्याच हातून घेतल्या, तेव्हापासूनची ओळख. मी सापगावला राहतो, एका भातगिरणीत हिशेब लिहितो. भाऊ मला नावानं कधीच हाक मारत नसत. "काय रे कारकुना" म्हणत.

पुढं गावोगाव पॉवर टिलर आले आणि बैलांचा बाजार आटला. एका वर्षी जत्रा उठताना एका मेळेवाल्यानं आपली खेळाची दोन मशीनं मैदानातच सोडायची ठरवली. नाणं टाकून खेळायची ती जुनी पेटीसारखी मशीनं. नेण्याचं भाडं त्याला परवडत नव्हतं. भाऊंना ते बघवेना. बाजार उठल्यावर कुणीच न घेतलेलं जनावर मैदानात उभं असलं की त्यांना बघवत नसे, तसंच. त्यांनी दोन्ही मशीनं चौदा हजारांना घेतली आणि बैलांच्या रिकाम्या गोठ्यात, दावणीला, गव्हाणीकडे तोंड करून उभी केली.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

"तुज्याकडं तो डबा हाय ना, लॅपटॉप? त्यात बाजार भरतो म्हणतात. दावणीची जनावरं तिथं न्यायची."

असा आमचा धंदा सुरू झाला. इंटरनेटवर लिलावाची एक साइट होती, जुन्या वस्तूंचे शौकीन तिथं बोली लावत. जाहिरात, फोटो, पत्रव्यवहार माझ्याकडे. खरेदी, दुरुस्ती आणि पारख भाऊंकडे. चार वर्षांत एकोणीस मशीनं गेली. स्टेशनावरचे दिव्यांचे वजनकाटे, बंद पडलेल्या पार्लरचे व्हिडिओ गेम, नाणं टाकलं की डुलणारा लाकडी घोडा. घोड्यावर भाऊंनी सगळ्यात कमी भाव लावला. म्हणाले, "घोड्यातलं मला कळत नाय."

पारख ते बैलाचीच करत. मशीनभोवती डावीकडून फिरायचं, मागून कधी जायचं नाही. मागून गेलं की लाथ बसते, हे त्यांचं ठाम मत होतं. एकदा एका वजनकाट्याच्या मागच्या उघड्या तारेचा त्यांना झटका बसला, तेव्हा ते हात चोळत मला म्हणाले, "बघितलंस? सांगत होतो ना." मग पाठीवर तीन थापा. मग बॅटरी घेऊन नाण्याची फट बघायची. वय ते फटीवरून सांगत. चार आण्याचं तोंड असेल तर जुनं, आठ आण्याचं असेल तर मधलं, रुपयाचं असेल तर तरणं. त्यातही रुपया जुना, मोठा, जड लागायचा. आताचा रुपया आत टाकला की खडखड करत खाली येतो, मशीन जागं होत नाही. म्हणून भाऊंनी बिस्किटांच्या डब्यात जुने मोठे रुपये साठवले होते. कुणालाही फुकट खेळायला मिळत नसे, मलाही नाही. नवा रुपया द्यायचा, जुना घ्यायचा, तो मशीनमध्ये टाकायचा. मशीन विकलं गेलं की भाऊ त्याचा गल्ला उघडून आतलं नाणं काढून घेत. गल्ल्यातलं विकणाऱ्याचं, हा नियम.

जाहिरातीवरून आमचा पहिला वाद झाला. मी लिहिलं होतं, "चालू स्थितीत, किरकोळ दोष."

"किरकोळ म्हंजे काय? खोड सांगायची तर नीट सांग. लिव. मशीन गरीब हाय. पोरांना मारत नाय. उजवं बटण आडमुठं हाय, दोनदा दाबावं लागतं. पावसाळ्यात सर्दी धरतं, तेव्हा आवाज बसतो."

"असं कुणी लिहितं का, भाऊ?"

"बाजारात सगळे खोड लपवतात. म्हणून तर माज्याकडं गिऱ्हाईक यायचं."

मी जसंच्या तसं लिहिलं. ते मशीन पुण्याला गेलं, आमच्या अंदाजापेक्षा सहा हजार जास्त मिळवून. तेव्हापासून खोडी भाऊ सांगत आणि मी लिहीत गेलो.

लिलावातली एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. तिथं बोली सगळ्यांना दिसते. म्हशाच्या बाजारात दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आत बोटं धरून भाव ठरतो. शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही. "भाव असा उघड्यावर मांडतात? लाज नाय वाटत?" असं म्हणून ते लॅपटॉपवर आपला टॉवेल टाकत आणि त्यात डोकं घालून बघत. कमीत कमी किती घ्यायचं हा आकडाही मला टॉवेलाखालीच मिळे. खोलीत आम्ही दोघं आणि कोपऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या वहिनी, तरी बोटंच धरायची. वहिनी मान वर न करता म्हणायच्या, "छत्तीस हजार ना? चहा ठेवते."

आणि एकदा बोट धरलं की धरलं. एका जत्रेत करंगळीला चिंधी बांधलेली होती, त्या गोंधळात भाऊंकडून एक बोट कमी धरलं गेलं. जोडी दहा हजारांनी स्वस्त गेली. घेणारा चांगला माणूस होता, तो म्हणाला चूक झाली असेल तर मोडू या. भाऊंनी व्यवहार मोडला नाही, मालकाला फरक पदरचा भरला. वहिनी त्या करंगळीचा उल्लेख वर्षातून दोनदा तरी करत. "त्या करंगळीनं माज्या पाटल्या नेल्या." पाटल्या त्याच वर्षी मोडल्या होत्या, ही गोष्ट खरी.

आता दाव्याची गोष्ट. आमच्याकडे जनावर विकताना दावं देत नाहीत. बैल द्यायचा, गळ्यातली दोरी सोडून घ्यायची. घेणारा आपली दोरी आणतो. दाव्याबरोबर गोठ्यातली लक्ष्मी जाते, असं मानतात. भाऊंच्या गोठ्याच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि तीस वर्षांत विकलेल्या गुरांची दावी तिच्यावर टांगलेली होती. त्याच रांगेत पुढं टांगल्या होत्या वायरी. प्रत्येक मशीनची वीजजोडणीची वायर भाऊ मुळातून सोडवून घेत आणि मगच मशीन टेम्पोत चढवत.

पहिल्या सात गिऱ्हाइकांनी तक्रार केली. कोणी लिहिलं वस्तू अपूर्ण, कोणी लिहिलं फसवणूक. हैदराबादच्या एका गृहस्थांनी नुसतं "वायर कुठे आहे?" असं चार वेळा लिहिलं. साइटवर विकणाऱ्याला तारे मिळतात. आमचे पाचांतले अडीच उरले आणि कळवण्यात आलं की आणखी एक तक्रार आली तर खातं बंद. तेव्हापासून मी प्रत्येक जाहिरातीखाली ठळक अक्षरांत एक ओळ घालू लागलो: सोबत वायर मिळणार नाही. पुढच्या बारा मशीनांत एकही तक्रार नाही.

अस्वल या एकोणिसांत नाही. ते भाऊंनी एका म्हाताऱ्या मेळेवाल्याकडून एकवीस हजारांना घेतलं आणि विकायला काढलंच नाही. उंच लाकडी पेटी, आत रंगवलेलं रान, रानात पत्र्याचं अस्वल. बाहेर साखळीला बांधलेली बंदूक. नाणं टाकलं की अस्वल डावीकडून उजवीकडे चालू लागतं. बंदुकीतून गोळी नाही, उजेड निघतो. नेम लागला की अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, गुरगुरतं आणि उलट फिरतं. भाऊ दर रविवारी जेवणानंतर एक रुपया टाकत आणि बंदूक न उचलता नुसते बघत बसत. अस्वल आपलं शांतपणे फेऱ्या घालून थांबे.

"मारा की एखादी," मी म्हणायचो.

"आपल्या दावणीच्या जनावराला कोण मारतं रे?"

वहिनी मारायच्या. उभं राहता येत होतं तोवर. त्यांचा विक्रम एका रुपयात अकरा.

उभं राहणं मात्र कमी होत गेलं. दोन्ही गुडघे गेले होते, उजवा जास्त. ओटीवर पाय लांब करून बसायचं आणि बसल्या बसल्या जमेल ते काम करायचं. कल्याणच्या डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा आकडा दिला, एक लाख पंचाहत्तर हजार. मुलगा भिवंडीला गोदामात कामाला, त्यानं चाळीस हजार उभे केले. राहिले एक लाख पस्तीस. दावणीला उभी असलेली बाकीची चारही मशीनं विकली असती तरी साठ-सत्तरच्या वर जात नव्हती. हे मी कागदावर मांडून भाऊंना दाखवलं. त्यांनी कागद बघितला नाही, गोठ्याकडे बघितलं.

पुढच्या रविवारी त्यांनी टॉवेल पुढे केला. आत एक बोट धरलं, म्हणजे लाख. मग तीन धरली, म्हणजे तीस हजार. मग पाच. "अस्वलाचा भाव," ते म्हणाले आणि उठून गेले.

चूक माझ्याकडून झाली ती तेव्हा. आतापर्यंत एकही आकडा न चुकलेला माणूस मी, पण भाऊंचा चेहरा बघून जाहिरात घाईत लिहिली. वायरीची ठळक ओळ राहिली. वर फोटोत अस्वलाची मूळ वायर स्वच्छ दिसत होती, तपकिरी सुती वेष्टणाची, टोकाला काळा गोल प्लग. बोली एक लाख अडतीस हजार पाचशेवर थांबली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: मूळ वायरीसकट जुनं मशीन मिळत नाही म्हणूनच एवढी बोली लावली, पैसे मशीन बघून जागेवरच देईन, रविवारी टेम्पो घेऊन येते.

मी धावत भाऊंचं गाव गाठलं. "भाऊ, माझी चूक आहे. पण या वेळी वायर द्यावी लागेल."

"तुजी चूक तुज्या वहीत लिव. माजं दावं माज्या खिळ्याला."

"खातं बंद होईल. व्यवहार मोडेल."

"नवीन वायर दे."

"त्यांना जुनीच हवी आहे."

"दावं गेलं की लक्ष्मी जाते, कारकुना."

ओटीवरून वहिनींचा आवाज आला, "तुमच्या लक्ष्मीला गुडघे नायत. मला दोन हायत."

मी दोनशे साठ रुपयांची नवी वायर घेऊन ठेवली.

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या. गोठ्यात शिरल्या आणि मशीनं गव्हाणीकडे तोंड करून उभी बघून हसल्याच. भाऊंनी त्यांना डावीकडून आणलं, तीन थापा मारल्या, बॅटरीनं नाण्याची फट दाखवली.

"हे काय बघता?"

"वय. जनावराचं वय तोंडातच कळतं."

"मीही तेच करते, काका. मी दातांची डॉक्टर आहे."

भाऊ एकदम खूश झाले. "मंग तुमाला काय सांगायचं! बैलाला आठ दात आले की जुळला म्हणतात. माणसाचं कसं?" पुढची दहा मिनिटं त्या दोघांचं दातांवर चाललं होतं. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, मी घड्याळाकडे.

मशीन कशाला हवं, हेही भाऊंनी विचारलं. जनावर कुठं जातंय हे ते नेहमी विचारत. बाई म्हणाल्या, "दवाखान्यात बाहेर ठेवणार. मुलं खुर्चीत बसायच्या आधीच रडतात. अस्वल बघत बसतील."

"मारू देणार?"

"मुलं आहेत, मारणारच."

"मारू द्या. पोरांची गोष्ट वेगळी."

बाईंनी नवा रुपया दिला, जुना घेतला, अस्वल चालवून बघितलं. नेम दोनदा लागला, अस्वल दोनदा गुरगुरलं. सगळं पसंत. मग भाऊ खाली बसले, प्लग काढला, पान्यानं मागचे दोन स्क्रू सैल केले, वायर सोडवली आणि गुंडाळी करून खिळ्याकडे निघाले.

"काका, ती वायर?"

"नवीन देतो हा कारकून. चांगली हाय."

"नवी मलाही मिळते. ही हवी म्हणून तर घेतेय. हिच्याशिवाय मी नेणार नाही, आणि मग मला तसं साइटवर लिहावं लागेल. फोटोत ती आहे."

फोटो मी काढला होता हे मी कबूल केलं. भाऊंनी मग दाव्याची रीत सगळी सांगितली. भिंतीवरची दावी दाखवली, कुठलं कुठल्या बैलाचं तेही. बाईंनी शांतपणे ऐकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "रीत असेल तर मी जबरदस्ती करणार नाही, काका. पण मग राहू दे." ड्रायव्हरनं टेम्पोचं फळकं लावायला घेतलं.

निघता निघता बाईंनी सहज विचारलं, "दावं कधी कोणालाच देत नाहीत?"

इथं कुठलाही दुसरा दलाल "नाही" म्हणाला असता. भाऊंना खोड लपवता येत नव्हती. "देतात. लेकीला गाय आंदण दिली तर दाव्यासकट देतात. पण तिचे पैसे घेत नाय."

"मग मला लेक समजा."

त्या हसत म्हणाल्या होत्या. भाऊ हसले नाहीत. ते हातात वायर घेऊन ओटीकडे गेले आणि वहिनींच्या शेजारी बसले. खांद्यावरचा टॉवेल काढला, घाम पुसला. टॉवेल दोघांच्या मध्ये पडला. मिनिटभर दोघंही समोरच्या आंब्याकडे बघत होते.

मग भाऊ उठले आणि वायर बाईंच्या हातात दिली. "ने. लेक म्हटलं तर लेक. आता माज्यापुढं पैशाचं नाव काढायचं नाय."

करंगळीची गोष्ट मला माहीत होती. हा माणूस शब्द फिरवणार नाही. एक लाख अडतीस हजार पाचशे वजा एक लाख अडतीस हजार पाचशे.

"अहो काका, असं कसं? मी तसं नव्हतं म्हटलं. मी फुकट नाही नेणार!" बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"फुकट कोण म्हणतंय?" वहिनी ओटीवरून म्हणाल्या. "ये गो, इथं बस. मला लेक नाय. एक पोरगा हाय, त्यानं जमलं तेवढं दिलं. बापाला जनावर सुटत नव्हतं. आता लेक आलीय तर मी लेकीला विचारते. आयच्या गुडघ्याचं कोण बघणार?" आणि साडी जराशी वर करून त्यांनी सुजलेला गुडघा दाखवला.

बाई गुडघ्याकडे बघत राहिल्या, मग वहिनींकडे, मग भाऊंकडे. डॉक्टरच त्या, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. मग मोठ्यानं हसल्या आणि पर्समधून फोन काढला. "आई, खातं तुमच्या नावावर आहे ना? नंबर सांगा."

"भाऊ, चालेल ना?" मी विचारलं. खात्री केलेली बरी.

"माय-लेकींची गोष्ट. मी मधी पडणारा कोण?" असं म्हणून भाऊ अस्वलाला दोरखंड बांधायला गेले.

टॉवेल ओटीवर तसाच पडलेला होता. त्याच्याखाली काय ठरलं आणि कोणी कोणाची किती बोटं धरली, ते मला दिसलं नाही. टॉवेल त्यासाठीच असतो.

ऑपरेशन एप्रिलात झालं. या पौषात वहिनी म्हशाच्या जत्रेत गाडीतळापासून बाजारापर्यंत काठी न घेता चालल्या. पाच ठिकाणी थांबल्या, पण दर वेळी भाव विचारायला. गोठ्यातल्या भिंतीवर एक खिळा रिकामा आहे. भाऊ त्याच्यावर काही टांगू देत नाहीत. मी एकदा छत्री अडकवली तर काढायला लावली.

त्या दिवशी दिलेले पैसे असे. वहिनींच्या खात्यात एक लाख अडतीस हजार पाचशे, पावणेबाराला जमा. वहिनींकडून लेकीला खण आणि एकशे एक रुपये. ड्रायव्हरला चहाचे पन्नास. साइटचं पाच टक्के कमिशन, सहा हजार नऊशे पंचवीस, मी भरलं, कारण जाहिरातीतली चूक माझी होती. नवी वायर घरच्या पंख्याला लागली. भाऊंनी टेम्पो हलायच्या आधी अस्वलाचा गल्ला उघडून नाणं काढलं आणि बिस्किटांच्या डब्यात टाकलं. ते त्यांचंच होतं. बाईंनी बदल्यात दिलेला नवा रुपया मात्र खिशात राहिला. भाऊंना एक रुपया.